अर्धे आधी, पाव मधात

दिवाकर जावरकरांकडून वेबसाइट करून घेतलेले लोक अमरावतीत जागोजाग भेटतात आणि त्यांचं नाव निघालं की भरभरून बोलतात. माणूस देवासारखा, कामाला एक नंबर, फोन कधीही उचलतो. त्यांना पैसे किती दिले, असं विचारलं की मात्र यातल्या बहुतेकांना अचानक कुठेतरी जायचं असतं.

हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण राजापेठेतल्या एका कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर आमची दोघांची मिळून एकच खोली होती. मधे प्लायवूडचं पार्टिशन. अलीकडे मी, लोकांची इन्कमटॅक्सची रिटर्नं भरणारा. पलीकडे दिवाकरभाऊ, कॉम्प्युटरपुढे. प्लायवूड पातळ होतं, त्यामुळे त्यांचा प्रत्येक सौदा मी ऐकला. मी मुळातच चिडका माणूस. कोणाचा हक्काचा पैसा बुडताना पाहिला की धंद्याच्या सवयीने माझं डोकं दुखायला लागतं, आणि शेजार असा लाभला होता की ते रोज दुखायचं.

दिवाकरभाऊ वलगावचे. घरी संत्र्याचा बगीचा आणि थोडा भाजीपाला, तो वडील आणि धाकटा भाऊ पाहायचे. हे शिकून अमरावतीत आले, एका कंपनीत वर्षभर चिकटले आणि साहेबाशी भांडून बाहेर पडले. त्यानंतर त्यांनी ठरवलं की कोणाची नोकरी करायची नाही. अमरावतीतच राहायचं, आपलं काम आपण घ्यायचं, त्याचे पैसे आपण ठरवायचे आणि त्यावर घर चालवायचं. आयुष्याकडे त्यांचं एवढंच मागणं होतं. यातलं काम घेण्यापर्यंत सगळं सुरळीत जमलं.

भाव ठरवायची त्यांची रीत पाहण्यासारखी होती. काम आलं की आधी कसून हिशेब. पानं किती, दुकानात माल किती दाखवायचा, ऑनलाइन पैसे घ्यायचे का, इंटरनेटवर जागा आणि नाव घेण्याचा खर्च किती, वर्षभर दुरुस्ती कोण करणार. आकडा चोख यायचा, मी स्वतः तपासलेला आहे. मग ते गिऱ्हाइकाकडे निघायचे आणि वाटेत तो आकडा झिजायला लागायचा. गिऱ्हाईक गरीब दिसलं तर त्याला परवडणार नाही म्हणून कमी. श्रीमंत दिसलं तर मोठा माणूस आहे, आणखी चार कामं आणेल म्हणून कमी. आणि धड गरीब नाही, धड श्रीमंत नाही असा असला, तर तो आपल्यासारखाच आहे, त्याला काय लुटायचं, म्हणून सगळ्यात कमी. पूर्ण भाव देण्याच्या लायकीचा माणूस या पट्ट्यात जन्मलाच नव्हता.

त्यात आमच्याकडच्या गिऱ्हाइकाची एक खोड. भाव ठरला की तो विचारणार, ‘वरून काय?’ भाजीवाल्याकडून कोथिंबीर घेतात तशी. मग दिवाकरभाऊ लोगो वरून द्यायचे, व्हिजिटिंग कार्डाचं डिझाइन वरून द्यायचे, आणि निघताना लॅपटॉपच्या पिशवीतून वलगावची वांगी काढून तीही द्यायचे. एका दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई वर्षभराने मला जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, त्या वांग्यांचं भरीत फार छान झालं होतं. वेबसाइटचं त्यांना आठवत नव्हतं.

आता गंमत अशी की हाच माणूस भाव आणि वसुली या विषयाचा आमच्या भागातला सर्वांत मोठा जाणकार होता. दर रविवारी सकाळी कॉम्प्लेक्सखालच्या चहाच्या टपरीवर वेबसाइटचं काम करणारी पोरं जमायची आणि दिवाकरभाऊ त्यांना शिकवायचे. फुकट, हे सांगायला नकोच. ‘अर्धे आधी, पाव मधात, पाव हातात’ हा त्यांचा मंत्र. अर्धे पैसे आल्याशिवाय कॉम्प्युटर उघडायचा नाही. नमुना पसंत पडला की पाव. शेवटचा पाव हातात पडल्याशिवाय किल्ली द्यायची नाही, म्हणजे साइटचे पासवर्ड सोडायचे नाहीत. बोललेलं सगळं लिहून घ्यायचं. नंतर वाढवलेल्या प्रत्येक पानाचे वेगळे पैसे. आणि पहिला आकडा शक्यतो समोरच्याला बोलू द्यायचा.

शिकवताना ते स्वतः गिऱ्हाईक व्हायचे आणि पोरांना भाव सांगायला लावायचे. काय नट होता हो माणूस! कापूस निघू द्या, पोरीचं लग्न होऊ द्या, चेकवर सही करणारा भाऊ शेगावला गेला आहे, माझा भाचा हेच काम एका जेवणात करतो, ही सगळी वाक्यं ते अशा काही तोऱ्यात म्हणायचे की पोरांना घाम फुटायचा. टपरीवाला कपबशा धुता धुता थांबून ऐकायचा. ही वाक्यं त्यांनी कुठून पाठ केली, ते मला पार्टिशनच्या अलीकडून माहीत होतं.

त्या पोरांत पंकज नावाचा एक होता. त्याने मंत्र उचलला, पुण्याला गेला आणि बघता बघता बाणेरला काचेचं ऑफिस थाटलं. तो अधूनमधून फोन करायचा. म्हणायचा, सर, तुमची जागा इथे आहे, कधीही या. दिवाकरभाऊ हसून विषय बदलायचे. आपण शिकवलेल्या पोराच्या हाताखाली जायचं, म्हणजे नोकरी ती नोकरीच आणि वर शरम. 

त्यांच्या स्वतःच्या वसुलीची पद्धत वेगळी होती. ते जाऊन बसायचे. तोंडाने पैसे मागायचे नाहीत, समोर बसलेला माणूस पाहून गिऱ्हाइकालाच आठवण झाली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. एका कोचिंग क्लासच्या संचालकांकडे ते असेच बसायला लागले. पहिल्या दिवशी चहा आला. दुसऱ्या दिवशी संचालक म्हणाले, बसलेच आहात तर प्रिंटर पाहता का. तिसऱ्या खेपेला प्रोजेक्टर. पुढे एका सोमवारी मी काही कागद घेऊन तिथे गेलो तर दिवाकरभाऊ वर्गात रांगांमधून फिरत होते, कारण सराव परीक्षेला पर्यवेक्षक कमी पडला होता. मी त्यांना बाहेर बोलावून विचारलं, पैशाचं काय झालं. ते म्हणाले, हळू बोला, पोरांचा पेपर चालू आहे. वर्षअखेरीच्या कार्यक्रमात संचालकांनी त्यांना शाल आणि नारळ दिला आणि माइकवरून सांगितलं की जावरकर सर आता आमच्या घरचेच झाले. घरच्या माणसाला बिल कोण देतं? ते पैसे तिथेच मेले.

ती शाल घरी गेली आणि सुनंदावहिनींचा धीर संपला. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. घर त्यांच्याच पगारावर चालायचं आणि त्याबद्दल त्या कधी चार लोकांत बोलल्या नाहीत. त्यांनी शालीची घडी करून कपाटात ठेवली आणि नवऱ्याला सांगितलं की आता एक काम असं आणा ज्याचे अर्धे पैसे आधी येतील आणि पुरे पैसे शेवटी मिळतील. एकच. ते जमलं तर जन्मभर इथे बसा, मी शब्द काढणार नाही. नाही जमलं तर पंकजकडे जा. दिवाकरभाऊंनी हे मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. चेहऱ्यावरून वाटत होतं की दर रविवारी पोरांना घालायचे तो पेपर अचानक त्यांनाच सोडवायला दिला आहे.

काम आलं ते अकोल्याहून. बाबूसेठ म्हणून तुरडाळीच्या गिरणीचे मालक होते, वयस्कर, दोन पुतण्यांसह धंदा सांभाळणारे. त्यांना गिरणीची मोठी साइट हवी होती, बाहेरच्या राज्यातल्या व्यापाऱ्यांनी तिथूनच मागणी नोंदवावी अशी. दिवाकरभाऊंचा आकडा दोन लाखांवर आला. मी म्हटलं, हा झिजू द्यायचा नाही, मी बरोबर येतो. एसटीत मी त्यांना तो आकडा म्हणायला लावला. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर आलं, हे आपले पुटपुटतायत, दोन लाख, अर्धे आधी, दोन लाख, अर्धे आधी. पलीकडच्या बाकावरच्या आजीबाईंना तो जप वाटला असावा, कारण त्यांनीही हात जोडले.

गिरणीच्या ऑफिसात गादीवर बाबूसेठ बसले होते. पाणी आलं, चहा आला. शेठनी काम समजून घेतलं आणि विचारलं, कितना लगेगा. मी हळूच दिवाकरभाऊंच्या पायावर पाय ठेवला. त्यांनी डोळे मिटले आणि एका दमात म्हणाले, “दोन लाख, अर्धे आधी.”

बाबूसेठनी मान डोलावली, पुतण्याला हाक मारून खाते क्रमांक घ्यायला सांगितलं आणि आमचा चहा संपायच्या आत दिवाकरभाऊंच्या मोबाइलवर लाख रुपये जमा झाल्याचा मेसेज वाजला. घासाघीस नाही, ‘वरून काय’ नाही. मला वाटलं आता हा माणूस उडी मारेल. जिन्यात त्यांनी माझा दंड धरला. 

“अरुणभाऊ,” ते म्हणाले, “येनं भाव काहून नाई केला?”

परतीच्या एसटीत ते सुतकात बसल्यासारखे होते. मी विचारलं तेव्हा त्यांनी बगीच्याचं सांगितलं. आमच्याकडे संत्रा झाडावरच विकतात. फळ हिरवं असताना व्यापारी येतो, बगीचा फिरून पाहतो, सगळा बार, म्हणजे त्या मोसमाचं फळ, उक्ता घेतो आणि आगाऊ इसार देतो. इसार घेतला की फळ झाडाला असलं तरी ते त्याचं, तुम्ही नुसते राखणदार. दिवाकरभाऊंच्या लेखी बाबूसेठचे लाख रुपये म्हणजे इसार होता. आजवर त्यांनी कोणाकडून अर्धे आधी घेतले नव्हते याचं कारण मला त्या दिवशी कळलं. त्यांना मागायची लाज वाटायची हे खरंच, पण घेतल्यावर बांधलं जाण्याची धास्ती त्याहून मोठी होती.

पैसे त्यांनी वहिनींच्या खात्यात टाकले. वहिनींनी त्या दिवशी आमच्या खोलीवर डबाभर पेढे पाठवले. अख्ख्या मजल्याने खाल्ले आणि मीही त्यांतले दोन जास्तीचे उचलले, कारण मला खरोखरच फार आनंद झाला होता.

मग काम सुरू झालं. बाबूसेठनी म्हणायचं आणि यांनी करायचं. डाळीचे रोजचे भाव दिसायला हवेत, दिसले. हिंदीतही हवं, झालं. गुजरातीत हवं, माणूस शोधून तेही झालं. मी पार्टिशनवरून ओरडायचो की वाढीव पानांचे वेगळे पैसे, तुम्हीच शिकवता ना! पलीकडून उत्तर यायचं, इसार घेतला आहे. साइट जवळजवळ उभी राहिली. आता नमुना दाखवायचा आणि पाव मागायचा एवढंच बाकी होतं, आणि तेवढ्यात अकोल्याहून फोन आला.

पुतण्यांचं आपसात बिनसलं होतं. फर्म फुटणार, गिरणी एकाकडे, गोदामं दुसऱ्याकडे, जुनं नाव कोणीच वापरायचं नाही असं ठरलं होतं. म्हणजे साइटचं काम राहिलंच नाही. बाबूसेठ भला माणूस. त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं की चूक आमच्या घरातली आहे, घेतलेला पैसा तुमचा तुम्हाला राहिला. दिवाकरभाऊंनी हो शेठ, बरं शेठ केलं आणि फोन ठेवला. मी पलीकडे जाऊन त्यांची पाठ थोपटली. म्हटलं, पुरे नाही मिळाले तरी अर्धे तर पदरात पडले, वहिनींना समजावता येईल.

“वापस कराचे हायेत ते,” ते म्हणाले.

माझा आवाज चढला. मी त्यांना हिशेबाने, कायद्याने, व्यवहाराने, होत्या नव्हत्या त्या सगळ्या वाटांनी समजावलं. सौदा त्याने तोडला. तुम्ही महिनोन्महिने राबलात. इसार देणारा उलटला तर इसार जातो, हा तर तुमच्याच संत्र्याचा कायदा. यावर त्यांनी सांगितलं की एका साली गारपिटीत त्यांचा सगळा बार झडला होता. व्यापारी इसारावर पाणी सोडायला तयार होता. वडिलांनी त्याच्या घरी जाऊन तो परत केला, कारण फळ दिलं नव्हतं.

“काम तर केलं ना तुमी?” मी म्हटलं.

“झाडाले पाणी टाकलं म्हणून पैशे मांगते का कोनी?” ते म्हणाले. “त्याच्या घरी संत्रा कुठी गेला?”

पैसे वहिनींच्या खात्यात होते. म्हणजे ज्या माणसाने जन्मात कोणापुढे हात पसरला नाही, त्याला आता बायकोकडे लाख रुपये मागायचे होते, आणि तेही दुसऱ्याला नेऊन द्यायला. ते त्यांनी कसे मागितले हे मला ठाऊक नाही. वहिनी काय म्हणाल्या ते मात्र वहिनींनीच मला पुढे सांगितलं. त्यांनी चेक लिहिला, नवऱ्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, “तुमी वापस करून राहिले, ते बराबर करून राहिले. आता पंकजले फोन करा.”

अकोल्याला मी पुन्हा बरोबर गेलो. यावेळी मला काही सांभाळायचं नव्हतं, पण त्यांना एकटं सोडवेना. गिरणीच्या ऑफिसात जे झालं ते तिथल्या मुनीमजींनी उभ्या हयातीत पाहिलं नसेल. दिवाकरभाऊ चेक पुढे सरकवतात, बाबूसेठ मागे सरकवतात. “सौदा मैंने तोडा भाऊ, पैसा आपका,” असं शेठ म्हणतात आणि हे म्हणतात, “माल देला नाई शेठ, मले पचनार नाई.” चेकचा कोपरा दुमडला. शेवटी शेठनी तो घेतला, गादीवरून उठले आणि दिवाकरभाऊंना हात जोडले. मुनीमजी माझ्याकडे बघत होते. मी छताच्या पंख्याकडे बघत होतो.

बाबूसेठनी ही गोष्ट अकोल्याच्या सगळ्या बाजारात सांगितली. त्याचा परिणाम झाला. महिन्याभरात अकोला जिल्ह्यातून तीन व्यापारी आले आणि तिघांनीही न मागता अर्धे पैसे आधी दिले, कारण या माणसाकडे दिलेले पैसे बुडत नाहीत अशी ख्याती झाली होती. पंकजला करायचा फोन त्यामुळे लांबला. त्यांतल्या तेल्हाऱ्याच्या जिनिंगवाल्याला पुढे स्वस्तात करणारा दुसरा भेटला. तो हसत हसत आला, चहा प्याला आणि पैसे परत घेऊन गेला. मग दुसऱ्यानेही विचार बदलला. मी त्यांना म्हटलं, तुम्ही वेबसाइटचा धंदा सोडून बँक काढा, चांगली चालेल. ते हसले नाहीत. तिसऱ्याचं काम त्यांनी पूर्ण केलं, शेवटचा पाव मागायला त्याच्याकडे जाऊन दोन दिवस बसले आणि रिकामे परत आले. मग त्यांनी पंकजला फोन लावला.

तो फोनही मी ऐकला, स्पीकर चालू होता. पंकजला मनापासून आनंद झाला होता. त्याने विचारलं, सर, पगार किती अपेक्षित आहे. आणि रविवारी टपरीवर शिकवलं होतं तसा तो गप्प राहिला. दिवाकरभाऊंनी एक आकडा सांगितला. मी पार्टिशनच्या अलीकडे कपाळावर हात मारला. पंकज लगेच हो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात ते गेले. वहिनींची नोकरी इथली, त्या इथेच राहिल्या. बसस्टँडवर वहिनी सतत पदर सारखा करत होत्या आणि ते मला पुन्हा पुन्हा बजावत होते की कोणाची साइट बंद पडली तर त्याला माझा पुण्याचा नंबर द्या, पैसे घ्यायचे नाहीत. बस सुटल्यावर मला इतका राग आला की मी वहिनींशी धड बोललोही नाही. हा मनुष्य जायला नको होता. सगळ्या शहराने वापरून घेतलेला माणूस कोणीतरी थांबवायला हवा होता, आणि ज्यांच्याकडे त्याचे पैसे होते त्यांतलं एकही तोंड स्टँडवर नव्हतं.

त्यांची अर्धी खोली मी रिकामी ठेवली. दोघे-तिघे भाड्याने मागायला आले, त्यांना नाही म्हटलं. त्यांचं भाडं मीच भरत होतो. मला वाटायचं, फार तर सहा महिने, हा माणूस परत येतो. ज्याने नोकरी नको म्हणून एवढं सोसलं, तो काचेच्या डब्यात टिकायचा नाही.

मागच्या हिवाळ्यात भाचीच्या साखरपुड्याला पुण्याला गेलो तेव्हा बाणेरला जाऊन त्यांना भेटलो. पंकजने त्यांना भाव ठरवण्याच्या आणि वसुलीच्या टेबलावर बसवलं होतं. मी पोचलो तेव्हा ते फोनवर होते. कानाला हेडफोन, खिशात मात्र जुन्या सवयीने दोन पेनं. पलीकडचं गिऱ्हाईक कमी करा म्हणत असावं. दिवाकरभाऊ शांतपणे म्हणाले की कमी होणार नाही. पुढच्या वाक्यात म्हणाले की पहिला हप्ता आल्याशिवाय काम सुरू होणार नाही. आवाज वाढला नाही, डोळे मिटले नाहीत. पलीकडचा बहुधा हो म्हणाला. यांनी आभार मानले आणि माझ्याकडे पाहून लहान मुलासारखं हसले.

खाली कँटीनमध्ये चहा घेताना मी मुद्द्यावर आलो. म्हटलं, आता जमतं ना तुम्हाला, मग परत चला. खोली तशीच ठेवली आहे. इथे जसं बोलता तसं तिथे बोला, काय फरक आहे?

ते कप फिरवत राहिले. त्यांचं वजन वाढलं होतं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती. इतक्या वर्षांत मी त्यांना असं स्वस्थ बसलेलं पाहिलं नव्हतं, आणि ते पाहून मला बरं वाटायच्या ऐवजी वाईट वाटत होतं.

“हे दुसऱ्याचे पैशे हायेत, अरुणभाऊ,” ते म्हणाले. “आपले मांगाले आजबी नाई जमत. एका वर्षात पगार वाढवून द्या म्हनाले गेलो नाई मी पंकजकडे.”

“मंग कशाले राहता इथी?”

“महिना भरला का येते ते. कोनाच्या दारात जाऊन बसा लागत नाई.” मग थोडं थांबून, माझ्याकडे न पाहता म्हणाले, “मले वाटे मी नोकरीले भेतो. इतके वर्स तेच समजून राह्यलो ना मी. मी त मांगाले भेत होतो.”

 ते मला रिक्षापर्यंत सोडायला आले, वहिनींसाठी एक पिशवी दिली आणि वर काम आहे म्हणून लगबगीने आत गेले. अमरावतीला परतल्यावर मी त्यांच्या बाजूची खुर्ची आणि टेबल वलगावला पाठवून दिलं आणि जिन्याखाली पाटी लावली, अर्धी खोली भाड्याने देणे आहे.